मुलाचं काही पटलं नाही

मंगळवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत डबा खाताना काउंटरवरची बाई म्हणाली, "काल बघितलीत ना मालिका? बाप आत शेवटचे श्वास घेतोय, बहीण हाका मारतेय, आणि हा मुलगा बाहेर टीव्हीसमोर ढिम्म. उठून त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली मला." त्याने नुसती मान हलवली. मालिका त्याच्या धाकट्या बहिणीने लिहिलेली होती, आणि हे ठाऊक असल्यामुळे ती बाई रोजच्या भागाची तक्रार त्याच्यापाशी करायची, नळ गळतोय म्हणून घरमालकाच्या भावाला धरावं तशी. "आणि बसतो कसा मेला," ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "एक पाय मांडीखाली दुमडून. अगदी तुमच्यासारखा." ती हसली, हात धुवायला गेली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याने खाली बघितलं. उंच स्टुलावर त्याचा डावा पाय उजव्या मांडीखाली होता आणि चप्पल खाली जमिनीवर एकटी पडलेली होती. त्याने पाय काढून खाली सोडला. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे जमीन लागली की नाही हे त्याला काही वेळ कळलं नाही.

चष्म्यांच्या या दुकानात तो अठ्ठावीस वर्षं काचा बसवत होता. काचेच्या मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा, माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर बघून तो ठिपका फ्रेमच्या कुठे येईल ते ठरवायचं, मग चाकाच्या पाण्याखाली कडा घासायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची मापं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर टीव्ही. लग्न त्याने केलं नव्हतं, त्यामागे काही कथा नव्हती, राहून गेलं. मालिका आणि सिनेमे तो लहानपणापासून बघत आला होता आणि त्यांच्याबद्दल त्याची मतं पक्की होती. मालिकांमधल्या आजोबांच्या चष्म्याला नंबर नसतो, हे त्याचं सगळ्यात जुनं मत. खऱ्या नंबरच्या काचेतून गालाची कड आत नाहीतर बाहेर सरकलेली दिसते; यांच्या गालाची कड सरळच्या सरळ खाली जाते. डॉक्टर बाहेर येतो आणि चष्मा काढून "आय ॲम सॉरी" म्हणतो, तेही चूक. ज्याला नंबर आहे तो बोलताना चष्मा काढत नाही, त्याला समोरचा धड दिसणारच नाही. मालिकेत कोणी घरात शिरताना दार लावून घेत नाही. फोनवर बोलणं झालं की "ठेवतो" म्हणत नाहीत. सिनेमात माणूस मरताना वाक्य पुरं करून मरतो. हे सगळं तो दर रविवारी सकाळी बहिणीला फोनवर सांगायचा, आणि ती, जिला घरात ठकी म्हणत, पलीकडे लिहून घ्यायची. "तुझ्यासारखा प्रेक्षक नाही," ती म्हणायची. "बाकीचे रडतात नाहीतर शिव्या देतात. तू बघतोस." तिच्या मालिकांमधले डॉक्टर चष्मा काढत नसत, ते त्याच्यामुळे. त्याला याचं समाधान वाटायचं, पण ते त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

या रविवारी मात्र ठकीचा फोन आला नव्हता. सोमवारचा तो भाग त्याने पाहिला होता आणि त्याचं मत तयार होतं. मंगळवारी संध्याकाळी त्याने स्वतःच फोन लावला.

"रविवारी फोन नाही केलास."

"कामात होते रे."

"कालचा भाग बघितला."

एरवी ती इथे "मग?" म्हणायची. आज म्हणाली नाही. पलीकडे ती कपात चमचा फिरवत असल्याचा आवाज येत होता.

"मुलीचं फार चांगलं झालंय," तो म्हणाला. "बापाचा हात धरून बसते, हात गार होत चाललाय हे तिला कळतं, तरी सोडत नाही. ते अगदी खरं वाटलं. मुलाचं काही पटलं नाही."

"काय नाही पटलं?"

"असं कोणी करत नाही गं. माणूस वाईट असू शकतो, पण त्याला काही कारण दे. बापाशी वितुष्ट दाखव, दारू दाखव. बहीण तीनदा हाक मारते आणि हा 'आलो' म्हणून सिनेमा संपेपर्यंत बसून राहतो? नुसता बसलेला माणूस खोटा वाटतो."

चमचा थांबला.

"दादा, चेष्टा करतोयस का माझी?"

"चेष्टा कसली?"

"तुला खरंच आठवत नाही?" ती म्हणाली. "तूच बसला होतास ना. बाबा गेले तेव्हा."

"मी बाबांपाशी होतो. त्यांचा हात माझ्या हातात होता."

"नाही रे," ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली की त्याला आधी वाटलं ती दुसऱ्या कोणाशी बोलतेय. "तू नंतर आलास."

त्याने "ठेवतो" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर तो जेवला. भांडी घासली. सात वाजले होते म्हणून टीव्ही लावला आणि मंगळवारचा भाग बघितला, त्यात शेजारीपाजारी जमत होते आणि प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवत होते. आपल्याला धक्का बसला असावा असं त्याला वाटलं, पण धक्क्याची जी लक्षणं त्याला माहीत होती, हातातून काही निसटणं, भिंतीला टेकणं, त्यातलं काहीच होत नव्हतं. जबड्याच्या एका बाजूला दाताच्या दवाखान्यातून आल्यावर वाटतं तसं जड वाटत होतं, इतकंच.

बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं वाचायची त्यांना इतकी सवय होती की आरशात दिसणारी पाटी ते सरळ पाटीपेक्षा आधी वाचत. शेवटच्या वर्षात पोट फुगलं आणि हातपाय काड्यांसारखे झाले. आई आधीच गेलेली. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस लागतील किंवा दोन आठवडे, आणि हे त्यांचं एका आठवड्यात दोनदा म्हणून झालं होतं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि ठकी बावीसची. दुपारची वेळ होती, आतल्या खोलीत खिडकीला जुनी चादर लावली होती, आणि बाबांचा हात त्याच्या हातात होता. हे त्याला लख्ख आठवत होतं. बाबांची नखं वाढली होती. चादरीतून येणारा उजेड पिवळट होता. पलंगाजवळ तो गुडघ्यांवर बसला होता, चौकड्यांच्या शर्टात, मान खाली घालून, आणि पाठीवर शर्टाला मधोमध घामाचा पट्टा आला होता.

बुधवारी मशीनवर काच धरलेली असताना हे चित्र पुन्हा त्याच्यासमोर आलं आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला स्वतःची पाठ दिसते आहे. घामाचा पट्टाही दिसतो आहे. जो माणूस गुडघ्यांवर बसून बापाचा हात धरतो त्याला स्वतःची पाठ कशी दिसेल? हे चित्र मागून घेतलं होतं, दाराच्या उंचीवरून, जरासं उजवीकडून. पाणी चाकावरून वाहत होतं आणि काच घासली जात होती. आपल्या आठवणीतला तो माणूस कोण, हे तो शोधू लागला. चौकड्यांचा शर्ट त्याच्याकडे कधी होता का? बाबांची नखं वाढलेली नव्हती. ठकी दर शुक्रवारी कापायची, ते तिच्या हातात हात देऊन छताकडे बघत राहायचे. मग ती नखं कुठली? कुठल्या तरी पडद्यावरची असणार. त्याने हजारो बाप मरताना पाहिले होते. त्यातल्या कुठल्या तरी एकाला त्याने घरी आणून त्या पलंगावर झोपवलं होतं, आणि शेजारी एक चांगला मुलगा बसवला होता, आणि सत्तावीस वर्षं तो त्याच्याकडे मागून बघत आला होता. ही गोष्ट कळल्यावर काही वाटायला हवं होतं. त्याने वाट बघितली. काच मापापेक्षा जास्त घासली गेली होती, ती टाकून द्यावी लागली.

गुरुवारी एक निवृत्त मास्तरीणबाई परत आल्या, नवा चष्मा लावला की जमीन उतरती दिसते म्हणाल्या. त्याने डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली होती. असं अठ्ठावीस वर्षांत झालं नव्हतं. दुकानदार दोन काचा हातात घेऊन उजेडात धरून बघत राहिला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "राहू दे हो, दोन दिवस मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय." त्याने काचा बदलून दिल्या. दरम्यान मालिकेत बापाचे दिवस चालले होते, आणि मुलगा अजून रडला नव्हता. काउंटरवरच्या बाईच्या सासूने तर मुलगा दिसला की टीव्हीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली होती. तो रोज सातला बसून बघायचा. पडद्यावरचा मुलगा त्याच्यासारखाच गादीच्या कडेचा दोरा बोटाला गुंडाळायचा. ठकीने इतकं सगळं बघून ठेवलं होतं. त्या नटाचं काम चांगलं होतं असं त्याचं मत झालं. चेहऱ्यावर काही न आणता बसणं सोपं नसतं.

आणि त्याच नटाकडे बघताना, शुक्रवारी, त्याची मान दुखायला लागली. नट पुढे वाकून बसला होता म्हणून आपणही पुढे वाकलो आहोत असं त्याला आधी वाटलं. मग ते दुखणं ओळखीचं वाटलं. त्या दुपारीही तो असाच वाकला होता, कान पडद्याकडे करून. चित्र आलं नाही, आवाज आला नाही, फक्त मान आली, आणि मानेमागून कळलं की तो का वाकला होता.

रविवारी जेवण उरकून तो ठकीच्या घरी गेला. बसने पाऊण तास लागतो. तिचा नवरा बाहेरगावी होता, मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात. ठकी स्वयंपाकघराच्या टेबलावरच लिहायची. लॅपटॉपच्या एका बाजूला न निवडलेली भाजी होती. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि समोर बसून डोळे चोळले. ती पन्नाशीला आली आहे हे त्याला आज प्रथमच दिसलं. तिच्या चष्म्याची एक काडी सैल झाली होती. त्याने हात पुढे केला, तिने चष्मा काढून दिला, आणि तो नखाने स्क्रू पिळत बसला.

"वाहिनीवाले मागे लागलेत," ती म्हणाली. "येत्या शुक्रवारपर्यंत तो रडला पाहिजे. लोक चिडलेत म्हणे. बघणारे कमी होतील."

"मग रडव."

"रडवीन. त्याला कारण हवं असं तूच म्हणालास." चष्म्याशिवाय ती त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होती. "मी असं ठरवलंय की टीव्हीचा आवाज मोठा होता. त्याला हाका ऐकूच आल्या नाहीत. 'आलो' तो सिनेमातल्याच कशाला तरी म्हणाला, किंवा म्हणालाच नाही, बहिणीला भास झाला. मग त्याला हे कळतं आणि तो कोसळतो. बरोबर वाटतं ना? आपल्याकडे आवाज मोठाच असायचा."

तिने हे पडद्यावरच्या मुलासाठी ठरवलं होतं आणि ते समोर, टेबलावर, त्याच्याकडे सरकवलं होतं. त्याने "हो" म्हणायचं होतं. एवढंच. पुढे दर रविवारी फोन आला असता. त्याने चष्मा उजेडात धरला, काचा रुमालाने पुसल्या आणि तिला परत दिला.

"आवाज मोठा नव्हता," तो म्हणाला. "बाबांना त्रास होतो म्हणून मी तो बारीक केला होता. इतका की मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. तुझ्या तिन्ही हाका मला ऐकू आल्या."

ठकीने चष्मा लावला.

"मग?"

"मग काही नाही. आणखी थोडं बघू आणि उठू असं वाटलं. राग नव्हता बाबांवर. भीती म्हणावी तर तीही नव्हती. आत गेलो की काहीतरी सुरू होणार होतं. इथे एक आधीच सुरू होतं." त्याने रुमालाची घडी घातली. "त्याला रडवू नकोस. म्हणजे रडव, तुझी नोकरी आहे. पण आवाज मोठा होता असं नको दाखवूस."

ती उठली. भाजी उचलून ओट्यावर ठेवली, परत टेबलावर आणली. मग ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि तो तिच्या पाठीकडे बघत होता. बाहेर कोणीतरी गॅलरीत सतरंजी झटकत होतं, एकसारखं, मोजल्यासारखं.

"तू म्हणालास ना, मुलीचं खरं वाटतं," ती म्हणाली. "ते खोटं आहे."

"कुठलं?"

"हात धरून बसलेलं. पहिल्या दोन हाका मी आतून मारल्या. तिसरी दारात येऊन मारली. तुला दंडाला धरून उठवायचं म्हणून आले होते. बाबांचा श्वास मध्येच थांबायचा आणि मग घर्र करून सुरू व्हायचा, मला एकटीला ते बघवत नव्हतं. तू मान नाही वळवलीस. 'आलो' म्हणालास. आणि मी पडद्याकडे बघितलं." ती वळली. तिचा चेहरा कोरडा होता. "आणि मी बघत राहिले, दादा. दारात उभी राहून. जाहिरात लागेपर्यंत. परत आत गेले तेव्हा श्वास थांबलेला होता. मी वाट बघितली सुरू व्हायची. मग हात धरला. गार होत गेलेला वगैरे काही नाही. मी धरला तेव्हा तो तसाच होता."

"म्हणजे तिथे कोणी नव्हतं."

"कोणी नव्हतं."

सतरंजीचा आवाज थांबला होता. अशा वेळी काय होतं ते त्याला माहीत होतं. संगीत वर चढतं, भाऊ उठतो, बहिणीला जवळ घेतो. त्याने आपल्या आत लक्ष देऊन पाहिलं. उजव्या खांद्यात किंचित कळ होती. ठकीही त्याच्याकडे तशीच बघत होती, तिच्याही बाजूने काही येतंय का याची वाट बघत. दोघांनीही इतकं पाहिलेलं होतं, इतकं लिहिलेलं होतं, पण या खोलीत त्याचा काही उपयोग होईना. तो म्हणाला, "खुर्ची घे," आणि ती खुर्ची ओढून बसली.

"सिनेमा कुठला होता?" त्याने विचारलं.

"नाव नाही माहीत. मी मधूनच बघितला ना. एका माणसाची बॅग प्रवासात बदललेली असते, ती परत करायला तो एका घरी जातो. दार उघडणाऱ्या बाईला दिसत नसतं. तिला वाटतं, नवरा आला. तो 'मी तो नाही' म्हणत नाही. ती त्याला आत घेते, हात धुवायला पाणी देते, आणि तो हात धुतो. तिथे जाहिरात लागली." ती टेबलावर बोटाने रेघ ओढत होती. "पुढे काय होतं?"

"पुढे?"

"तू शेवटपर्यंत बघितलास ना. मी कितीदा तुला विचारणार होते. तो सांगतो का तिला? की राहतो तिथेच?"

त्याने आठवायचा प्रयत्न केला. तो खरोखर प्रयत्न होता, डोळे मिटून, कपाळाला आठी घालून. चौथीत असताना पाहिलेल्या सिनेमातल्या पडद्यांचा रंग त्याला सांगता आला असता. बॅग, दार, ती बाई, यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं. पांढरी भिंत असावी तसं होतं.

"नाही आठवत," तो म्हणाला. "आपण पाहिलाय हेही नाही आठवत."

"म्हणजे तेवढंही नाही आपल्याकडे," ती म्हणाली. मग तिने भाजी पुढ्यात ओढली, अर्धी त्याच्याकडे सरकवली, आणि दोघं निवडत बसले. संध्याकाळच्या बसने तो घरी आला.

शुक्रवारी पडद्यावरचा मुलगा रडला. आवाज मोठा असल्याचं काही दाखवलं नाही, कारण दिलंच नाही. बापाची खोली आवरता आवरता तो जमिनीवर बसला आणि रडायला लागला, आणि चांगली चार-पाच मिनिटं रडत राहिला. त्याचा हुंदका वरवरचा होता, नटाला बसणं जेवढं जमलं होतं तेवढं हे जमलं नव्हतं. दारात त्याची बहीण उभी होती. ती आत आली नाही, रडली नाही, तिला वाक्यही नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा एकदाच गेला, आणि तिथे तो लोकांना आवडतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबला.

शनिवारी दुपारी काउंटरवरची बाई खुशीत होती. "रडला एकदाचा," ती डबा उघडत म्हणाली. "आमच्या सासूबाई तर त्याच्याबरोबर रडल्या. पण तुमच्या बहिणीला एक सांगा हं. ती मुलगी उगीचच दारात उभी केली. एवढी बापाची सेवा केलेली मुलगी, भाऊ रडतोय आणि ही नुसती बघतेय? तिचं काही पटलं नाही."

त्याने घास गिळला, पाणी प्यायला.

"ते राहू दे," तो म्हणाला. "ते तिने बघून लिहिलंय."